जुना ट्रॅक्टर विकत घेतांना

आपल्या खानदेशांत बैल विकत घेणारा शेतकरी सहसा फसत नाहीं. तो बैलाचे दांत मोजतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवून जुवाची गांठ आहे काय तें तपासतो, दहा पावलें चालवून पाहतो. आणि एवढें करूनही जोडी गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय रुमालाखालीं बोटें धरीत नाहीं. परंतु हाच शहाणा मनुष्य जुना ट्रॅक्टर घ्यावयास निघाला म्हणजे नव्या रंगास भुलतो, इंजिन चालू झालें एवढ्यावर समाधान मानतो आणि बैलाच्या कितीतरी पट रक्कम एका दुपारींत मोजून मोकळा होतो. बैलाची परीक्षा वाडवडिलांनीं शिकविली. ट्रॅक्टराची कोणी शिकविली नाहीं, हेंच याचें कारण होय. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली आहे. यंत्राचें ज्ञान मला मिस्त्र्याइतकें नाहीं. परंतु कागदाचें आहे, आणि जुन्या ट्रॅक्टराच्या व्यवहारांत यंत्र बिघडून जितके शेतकरी बुडतात तितकेच कागद बिघडून बुडतात, असा माझा अनुभव आहे.

तापीकांठच्या एका तालुक्यांत मी नोकरीस असतांनाची गोष्ट सांगतों. कचेरीच्या आवारांत निंबाच्या झाडांखालीं वाळूच्या प्रकरणांतील जप्त ट्रॅक्टर उभे असत. ज्येष्ठाच्या आरंभीं एक मध्यम वयाचा शेतकरी माझ्या टेबलापाशीं आला. त्याच्या हातांत घड्यांवर फाटत आलेला मुद्रांकाचा एक कागद होता. तो म्हणाला, "भाऊसाहेब, पैसे मीं दिले, डिझेल मी भरतों, फाल्गुनापासून ट्रॅक्टर माझ्या खळ्यांत उभा आहे, मग तो माझा नाहीं तर कोणाचा?" त्यानें तो ट्रॅक्टर एका मध्यस्थामार्फत घेतला होता. नोंदणीपुस्तकांत नांव मात्र पहिल्या मालकाचेंच राहिलें होतें. त्या मालकाकडे वाळूच्या दंडाची बाकी होती आणि ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करण्याचा हुकूम झाला होता. बाकीदाराच्या नांवावरील जंगम मालमत्ता म्हणून ट्रॅक्टर धरला गेला. "दादा, तुमचें म्हणणें खरें असेल, पण दप्तरांत तुमचें नांव नाहीं," एवढेंच मला म्हणतां आलें. मृगाचा पाऊस पडला तेव्हां तो ट्रॅक्टर आवारांत भिजत होता आणि त्याचा धनी भाड्याच्या ट्रॅक्टराची वाट पाहत बांधावर बसला होता. त्यानें घरची बैलजोडी विकून त्या ट्रॅक्टराचे पैसे उभे केले होते.

या गोष्टीवरून मीं एक क्रम मनाशीं ठरविला, तोच येथें मांडीत आहें. आधीं कागद पहावे, मग ट्रॅक्टरानें मागें कोणतें काम केलें तें पहावें, मग यंत्र पहावें, आणि सर्वांच्या शेवटीं किंमत बोलावी. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा धरतात. किंमत स्वस्त ऐकली कीं यंत्र बरें दिसूं लागतें आणि कागद पहावयाचे राहून जातात.

प्रथम गरज पहावी

खरेदीस निघण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करावा. समजा, ट्रॅक्टर तीन लाखांस घेतला आणि पांच वर्षांनीं दोन लाखांस विकला. म्हणजे वर्षास वीस हजार रुपये झीज झाली. तीन लाखांवर दरसाल दर शेंकडा दहा प्रमाणें व्याज तीस हजार. दुरुस्ती, टायर, विमा वगैरे मिळून तीस हजार धरले, तर डिझेल सोडून वर्षाचा खर्च ऐंशीं हजार होतो. हा ट्रॅक्टर वर्षांत चारशें तास चालला तर तासास दोनशें रुपये पडले. शंभर तासच चालला तर आठशें पडले. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकानें आपले घालावे. तासाचा हा खर्च, अधिक डिझेल, अधिक चालविणाराची मजुरी, ही बेरीज गांवांतील भाड्याच्या दराहून जास्त होत असेल, तर लहान खातेदारानें भाड्यानें नांगरट करून घेणेंच शहाणपणाचें. भाऊबंदांपैकीं दोघां-तिघांनीं मिळून एक ट्रॅक्टर घेतला तर हाच हिशेब सुधारतो. मात्र नांव कोणाचें व दुरुस्ती कोणाकडे, हें आधीं लिहून ठेवावें.

गरज ठरली म्हणजे आकार ठरवावा. काळ्या भारी जमिनींत पलटी नांगर खोल चालवावयाचा असेल तर पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आंतबाहेरचा ट्रॅक्टर हवा. वखरणी, पेरणी आणि हलकी वाहतूक यांस त्याहून लहान चालतो. रावेर-यावलकडील केळीच्या ओळींतून फिरावयाचें असेल तर अरुंद व लहान ट्रॅक्टरच घ्यावा लागतो. तसेंच, ज्या बनावटीचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात तीच बनावट घ्यावी. कारखाना बंद झाला कीं भाग हळूहळू दुर्मिळ होतात. एच्.एम्.टी. ट्रॅक्टर एके काळीं नांवाजलेला होता; परंतु सरकारनें २०१६ सालीं त्याचें उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. असा ट्रॅक्टर घेणारानें भागांची सोय आधीं पहावी.

कोणाकडून घ्यावा

जुना ट्रॅक्टर मिळण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, ओळखीचा शेतकरी. यांत मोठा लाभ हा कीं, ट्रॅक्टर कोणी चालविला, कोठें चालविला, तेल केव्हां बदललें, हें शेजारच्या चार घरांत विचारतां येतें. चालक तोच धनी असेल तर उत्तम. दर आखाजीस सालदार बदलत गेला असेल तर तितक्या हातांनीं क्लच घासला आहे असें समजावें.

दुसरा मार्ग व्यापाऱ्याचा. यांत नवीन ट्रॅक्टर विकणारे दुकानदारही आले. कारण ते बदल्यांत जुना घेऊन पुढें विकतात. येथें निवड पुष्कळ असते आणि कांहीं ठिकाणीं थोड्या मुदतीची हमीही मिळते. पण पूर्वींच्या मालकाची गांठ पडत नाहीं. नोंदणी झालेलीं जुनीं वाहनें विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीं परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावें, असा केंद्र सरकारचा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहे. मालकानें वाहन अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या स्वाधीन केल्याची सूचना खात्यास दिली म्हणजे व्यापारी हाच त्या वाहनाचा जबाबदार मानला जातो. म्हणून व्यापाऱ्यास अधिकारपत्र आणि ही सूचना दोन्ही दाखविण्यास सांगावें. हमी तोंडी सांगितली तर ती कागदावर मागावी. लिहून न मिळणारी हमी ही हमी नव्हे.

तिसरा मार्ग बँकेच्या अथवा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या लिलांवाचा. लिलांवांत माल जसा आहे तसा व जेथें आहे तेथें घ्यावयाचा असतो. मागून तक्रार चालत नाहीं. बोलीपूर्वीं मिस्त्री नेऊन पहावा. जाहीर लिलांवांतील वाहन ताब्यांत घेतल्यापासून तीस दिवसांत नमुना ३२ भरून नांव लावून घ्यावयाचें असतें.

आपला मुलूख सीमेवरचा असल्यामुळें बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा सुरतेकडील ट्रॅक्टर इकडे विकावयास येतात. परराज्यांतील वाहनास तेथील नोंदणी कचेरीचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, अवश्य लागतो. तो नसतां ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. कारण त्यावर एम्.एच्. १८ धुळ्याचा किंवा एम्.एच्. १९ जळगांवचा क्रमांक चढणार नाहीं आणि तो सदा परकाच राहील.

कागदांची तपासणी

सातबारा पाहिल्याशिवाय जमीन घेऊं नये, हें आपण सर्व जाणतों. ट्रॅक्टराचा सातबारा म्हणजे त्याचें नोंदणीपुस्तक. त्यांतील पुढील गोष्टी एकेक करून पहाव्या.

पहिली, नांव. विकणारा आणि पुस्तकांतील मालक एकच असावा. पुष्कळदां मालक नमुना २९ व ३० या कागदांवर कोऱ्या सह्या करून देतो आणि ते कागद ट्रॅक्टराबरोबर तीन-चार हातांतून फिरतात. मधल्या काळांत मालक वारला अथवा त्याचें मन फिरलें, म्हणजे त्या सह्यांस कांहींएक किंमत उरत नाहीं. मालक मयत असेल तर आधीं वारसाचें नांव लागलें पाहिजे; त्यास नमुना ३१ आहे. वारस चार असून एकच विकत असेल, तर इतरांची लेखी संमति घ्यावी. जमिनींत जो वाद होतो तोच येथेंही होतो.

दुसरी, क्रमांक. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक पुस्तकाशीं अंकन् अंक ताडून पहावा. क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली म्हणजे छाप उमटते. ती जपून ठेवावी. क्रमांक खरडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाच्या जाड थराखालीं दडविलेला दिसला, तर चहासुद्धां न घेतां परत फिरावें. इंजिन बदललें असेल तर तशी नोंद पुस्तकांत हवी.

तिसरी, तारण. कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरावर बँकेचें अथवा कंपनीचें नांव तारणदार म्हणून असतें. तें असेपर्यंत विकणारा हा पूर्ण धनी नव्हे. "हप्ते फिटले, कागद येणार आहे," या बोलण्यावर विसंबूं नये. बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि तारण उतरविण्याचा नमुना ३५ प्रत्यक्ष पहावा. कर्ज बाकी असेल तर विक्रेत्याबरोबर बँकेंत जाऊन आपल्या पैशांपैकीं तेवढी रक्कम परस्पर कर्जखातीं भरावी व पावती घ्यावी. परिवहन खात्याचें 'वाहन' नांवाचें दप्तर आतां मोबाइलवरही पाहतां येतें. त्यांत ट्रॅक्टराचा क्रमांक घातला म्हणजे नोंदणीची तारीख, तारण व विमा यांची माहिती मिळते. विक्रेत्याचा सातबाराही संगणकावर कोणास पाहतां येतो. त्यांतील 'इतर हक्क' या रकान्यांत ट्रॅक्टरकर्जाचा बोजा दिसला, तर कर्ज फिटलें आहे कीं नाहीं हें स्पष्ट विचारावें. कित्येकदां कर्ज फिटूनही बोजा उतरविलेला नसतो; पण विचारल्यावांचून तें कळत नाहीं.

चौथी, मुदत. शेतीच्या ट्रॅक्टराची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांचा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला तर त्या नूतनीकरणाचा खर्च व खेपा किंमतींत धराव्या. ट्रॉली वेगळी असते हें विसरूं नये. तिचीही नोंदणी व विमा पहावा. ट्रॅक्टराबरोबर फुकट मिळालेली बिनकागदाची ट्रॉली पुढें फार महाग पडते.

पांचवी, वाळू. गिरणा, तापी, पांझरा यांच्या कांठच्या ट्रॅक्टराविषयीं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ प्रमाणें विनापरवाना गौण खनिज नेणाऱ्यास खनिजाच्या बाजारभावाच्या पांच पटींपर्यंत दंड होतो, वाहन जप्त होतें, आणि तें सोडविण्यास वेगळी मोठी रक्कम भरून जातमुचलका द्यावा लागतो. दंड थकला तर तो महसुलाप्रमाणें वसूल होतो. म्हणून विक्रेत्याच्या गांवच्या तलाठ्याकडे आणि तहसील कचेरींत त्या क्रमांकाच्या ट्रॅक्टरावर कांहीं प्रकरण आहे काय, याची चौकशी करावी. अर्धा दिवस मोडेल. परंतु आरंभीं सांगितलेल्या शेतकऱ्याचा हंगाम मोडला, तो एवढा अर्धा दिवस न मोडल्यानें.

सहावी, अनुदान. कृषि-यांत्रिकीकरणाच्या योजनेंतून अनुदान घेऊन खरेदी केलेला ट्रॅक्टर ठराविक मुदतीच्या आंत विकूं नये अशी अट लाभार्थ्याकडून लिहून घेतलेली असूं शकते. ट्रॅक्टर थोड्या वर्षांचाच असेल तर विक्रेत्यानें अनुदान घेतलें होतें काय, हें तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कचेरींत विचारून घ्यावें.

मागील काम

दहा वर्षें फक्त नांगरट-वखरणी केलेला ट्रॅक्टर आणि पांच वर्षें वाळू, विटा किंवा ऊंस ओढलेला ट्रॅक्टर, यांत पहिला म्हातारा दिसला तरी बरा असतो. ओझें ओढणाऱ्या ट्रॅक्टराचे ब्रेक, क्लच व मागील धुरा आधीं जातात. मागील जोडकडीचें भोंक लांबट झालेलें आणि तिची खीळ झिजलेली दिसली, तर त्यानें ट्रॉली पुष्कळ ओढली असें समजावें. भाताच्या चिखलांत चाललेल्या ट्रॅक्टराच्या धुऱ्यांत पाणी शिरलेलें असण्याचा संभव असतो. चाकाजवळ तेल गळतें काय तें पहावें.

तास दाखविणारें घड्याळ पहावें, पण त्याचेंच म्हणणें प्रमाण मानूं नये. बारा वर्षांच्या ट्रॅक्टराचें घड्याळ अठराशें तास दाखवीत असेल, तर वर्षास दीडशें तास झाले. एवढ्या थोड्या कामानें पायखालच्या पट्ट्यांचें रबर गुळगुळीत होत नाहीं, सुकाणूची पकड चकचकीत होत नाहीं आणि मागील दांतेरी दांड्याचे दांत धारदार होत नाहींत. घड्याळ खोटें बोलूं शकतें; झीज बोलत नाहीं.

यंत्राची परीक्षा

आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्यावा; विक्रेत्यानें सुचविलेला नव्हे. त्याची दिवसाची मजुरी हा या व्यवहारांतील सर्वांत सार्थकीं लागणारा पैसा होय.

इंजिन थंड असतांना पहावें. माझ्या धाकट्या बंधूस ट्रॅक्टर घ्यावयाचा होता तेव्हां आम्ही दुपारीं पहावयास गेलों. एका हांकेसरशीं इंजिन चालू झालें. मिस्त्र्यानें हात लावून पाहिला तों इंजिन आधींच कोमट होतें. तो कांहीं बोलला नाहीं. "उद्यां पहांटे येतों, तोंवर चालवूं नका," एवढेंच म्हणाला. दुसरे दिवशीं पहांटे त्याच इंजिनास चालू व्हावयास पांच-सहा खेपा लागल्या आणि निळसर धूर बराच वेळ निघत राहिला. बॅटरी व कड्या दोन्हींचा खर्च त्या एका पहांटेनें उघड केला.

धुराची भाषा सोपी आहे. निळा धूर म्हणजे इंजिन वंगण जाळीत आहे. पिस्टनच्या कड्या किंवा झडपांचे मार्ग झिजले आहेत. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाहीं किंवा पाणी आंत शिरत आहे. काळा धूर ओझ्याखालीं थोडा चालेल. सतत असेल तर हवेची गाळणी चोंदली आहे किंवा डिझेल-पंप बिघडला आहे. इंजिन चालू असतां वंगण ओतण्याचें झांकण काढून पहावें. तेथून धूर जोरानें फेंकला जात असेल तर इंजिन खोलण्याची वेळ आली. वंगणाची मोजकाठी काढून पहावी. वंगण ताकासारखें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे. पाण्याच्या टांकीचें झांकण इंजिन थंड असतांनाच उघडावें; वर तेलाचे तवंग दिसूं नयेत. वैशाखांत पाणी आटून तापलेल्या इंजिनाचें डोकें तडकतें, आणि त्याची खूण येथेंच सांपडते. वंगण नवें, फार घट्ट आणि काठोकाठ भरलेलें असेल, तर आवाज व धूर दडविण्यासाठीं तें घातलें आहे काय, अशी शंका घ्यावी.

पुढें ट्रॅक्टर शेतांत न्यावा. घराच्या अंगणांतील परीक्षा ही परीक्षाच नव्हे. नांगर अथवा वखर लावून निदान अर्धा तास कामावर धरावा. प्रत्येक गियर घालून पहावा. उतारावर वेग कमी करतांच गियर आपोआप सुटत असेल तर दांते झिजले आहेत. क्लच हळूहळू सोडून ट्रॅक्टर ओझ्यासह उचलतो कीं इंजिन नुसतें गुरगुरतें, हें पहावें. डावा व उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून पहावा; मग दोन्ही जोडून सडकेवर पहावा.

उचलण्याचें यंत्र, ज्यास लोक हायड्रॉलिक म्हणतात, त्याची परीक्षा दोनदां करावी: एकदां तेल थंड असतां व एकदां कामानंतर तेल गरम झाल्यावर. झिजलेला पंप घट्ट थंड तेलावर नांगर सहज उचलतो आणि तेल पातळ होतांच थकतो. अवजार वर उचलून इंजिन बंद करावें व दहा मिनिटें उभें रहावें. अवजार भराभर खालीं येऊं लागलें तर आंतून गळती आहे. आमच्या त्या ट्रॅक्टराची ही खोड अर्ध्या तासाच्या वखरणीनंतरच कळली.

पुढील धुरा उचलून चाकें हातांनीं हलवून पहावीं. टायरांच्या बाजूवर चार अंकांची एक खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतील आहे. नक्षी उंच असूनही बाजूस बारीक भेगा पडल्या असतील तर रबर म्हातारें झालें आहे. मागील दोन टायरांची जोडी हा मोठा खर्च आहे.

किंमत

सर्व तपासणी झाल्यावर मिस्त्र्यास एकीकडे नेऊन दुरुस्तीची यादी करावी आणि प्रत्येक बाबीपुढें तालुक्याच्या दुकानांतील भाव मांडावा. त्याच वयाचा व बनावटीचा चांगला ट्रॅक्टर ज्या भावानें जातो त्यांतून ही बेरीज वजा घालावी. जें उरेल ती आपली किंमत. "रंग नवा आहे" याचे पैसे देऊं नयेत. रंग नांगर ओढीत नाहीं.

नव्याची किंमतही माहीत असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा बारावरून पांचवर आला, आणि ट्रॅक्टराच्या टायरांवरील व अनेक भागांवरील कर शेंकडा अठरावरून पांचवर आला. नवें स्वस्त झालें म्हणजे जुन्याची किंमतही उतरली पाहिजे. जो विक्रेता त्यापूर्वींचा भाव सांगतो त्यास ही गोष्ट सौम्यपणें सांगावी. आखाजीच्या सुमारास गरजू पुष्कळ असतात व भाव चढतो. कापूस घरांत येऊन विकला गेल्यावर, पेरणी दूर असतां, शांतपणें शोध करणारास लाभ होतो.

सौदा व नांव लावणें

इसार थोडा द्यावा व त्याची पावती घ्यावी. सौद्याचा कागद मुद्रांकावर करावा. त्यांत ट्रॅक्टराचा क्रमांक, इंजिन व सांगाड्याचा क्रमांक, किंमत, ताब्याची तारीख व वेळ, आणि त्या वेळेपूर्वींचें कर्ज, दंड, अपघात यांची जबाबदारी विक्रेत्याची, हें स्पष्ट लिहावें. दोन साक्षीदार घ्यावे. रक्कम बँकेमार्फत द्यावी. एका व्यवहारापोटीं दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्यानें २०१७ पासून मनाई आहे. शिवाय बँकेची नोंद हा न फाटणारा पुरावा असतो.

परंतु सौद्याचा कागद म्हणजे मालकी नव्हे, हें पुन्हा सांगतों. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणें त्याच राज्यांतील विक्रीची खबर विक्रेत्यानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत द्यावयाची असते. नमुना २९ व ३० हे त्याचे कागद. विक्रेत्यास घेऊनच हा अर्ज भरावा, आणि किंमतीचा शेवटचा भाग नांव लागेपर्यंत राखून ठेवावा, तसें सौद्याच्या कागदांत लिहावें. यास प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाहीं. कारण त्याचाही त्यांत बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, वाहन हातोहात पुढें विकलें गेलें तरी दप्तरांत ज्याचें नांव आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक होय. आपला जुना ट्रॅक्टर विकणाऱ्या बंधूंनीं हें विशेष ध्यानांत धरावें.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज करावा. ट्रॅक्टरास आसन एकच असतें. चाकावरील पत्र्यावर बसविलेला मुलगा किंवा मजूर विम्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि मृत्यूच्या कक्षेंत येतो. बाजाराहून येतांना तिघे तिघे पत्र्यावर बसलेले पाहिले म्हणजे जीव थरारतो.

ताबा घेतल्यावर पहिल्या आठवड्यांत इंजिनाचें वंगण, वंगण व डिझेल यांच्या गाळण्या बदलाव्या, हवेची गाळणी धुवावी, आणि एका वहींत तारीख, तास व खर्च लिहावयास आरंभ करावा. पुढें आपण विकावयास निघूं तेव्हां ती वही शंभर शपथांहून अधिक उपयोगी पडेल.

माझ्या बंधूनें तो पहांटे धुरावलेला ट्रॅक्टर अखेर घेतलाच. मात्र कड्या, बॅटरी व पंप यांचा खर्च वजा घालून, आणि शेवटचे पन्नास हजार नांव लागल्यावर देऊन. विक्रेता प्रथम रागावला, मग हंसला, आणि आज दोघांचें येणें-जाणें आहे. निंबाखालीं भिजत असलेला तो दुसरा ट्रॅक्टर मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीं. त्याच्या इंजिनांत कांहींही दोष नव्हता.